मीटरवर ६२ हजार आणि चेसिसवर ताजा रंग

पत्राचा सारांश: पत्रलेखिका आणि त्यांचा धाकटा भाऊ लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना चालवतात. माल पोचवायला आजवर भाड्याची गाडी बोलवत होते, आता जुना मध्यम ट्रक घ्यायचं ठरलंय. एकाच मॉडेलचे दोन डिझेल ट्रक समोर आहेत. पहिला सात वर्षांचा, मीटरवर ६२ हजार किमी, वरून-खालून नवा रंग, शिवाय ‘इंजिनचं काम करून घेतलंय’ असं विकणारा सांगतो. विकणारा भावाच्या ओळखीतला. दुसरा ट्रक नऊ वर्षांचा, २ लाख ४० हजार किमी चाललेला, केबिनला पोचे, पण मालकाकडे देखभालीची जाड फाइल. किमती जवळपास सारख्या. भावाचा जीव पहिल्यावर जडलाय. त्याच्या मित्राने इंजिन ऐकून ‘एकदम ओके’ असं सांगितलंय. एका खेपेला माल साधारण तीन टन असतो. सगळी शिल्लक ट्रकमध्ये जाणार असल्याने घरच्या नऊ वर्षांच्या, १ लाख १० हजार किमी चाललेल्या पेट्रोल कारची देखभाल वर्षभर पुढे ढकलावी का, हाही प्रश्न आहे. कारचा टायमिंग बेल्ट अजून मूळचाच आहे.

ताई,

तुमच्या पत्रात ‘कमी चाललेला’ असं जिथे जिथे आलंय, तिथे त्याचा अर्थ ‘चांगला’ असाच धरलाय. आधी तेवढंच सोडवून घेऊ. बाकीचे निर्णय त्यानंतर सोपे होतील.

इंजिनाची झीज किलोमीटरवर ठरते, हे अर्धंच खरं. थंड इंजिन सुरू होतं तेव्हाचे पहिले काही मिनिटं, जागेवर उभं राहून तासन्‌तास चालणं, वजनाबाहेर माल आणि वेळेवर न बदललेलं ऑइल, या चार गोष्टी इंजिनाला जास्त खातात. यातल्या पहिल्या दोन मीटरवर दिसतच नाहीत. म्हणून ट्रक बघताना किलोमीटरच्या जोडीला इंजिन किती तास चाललं ते विचारा. बऱ्याच ट्रकच्या डॅशबोर्डवर ‘अवर्स’ दिसतात. नसतील तर स्कॅनर लावून इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधून वाचता येतात, अनेकदा उभ्याने चाललेले तास वेगळेही मिळतात.

मग साधा भागाकार करायचा. समजा पहिल्या ट्रकचे तास निघाले ६,२००. म्हणजे ६२,००० भागिले ६,२००, सरासरी वेग ताशी १० किमी. एवढ्या सरासरीची गाडी गर्दीत रखडलेली असते, नाहीतर माल चढ-उतार होईपर्यंत सुरूच ठेवलेली. काही उत्पादक देखभालीच्या ढोबळ हिशेबात उभ्याने चाललेला एक तास म्हणजे ४० ते ५० किमीची झीज धरतात. निम्मे तास असे गेले असतील तर ३,१०० गुणिले ४०, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास किलोमीटर मीटरबाहेरचे. आता दुसरा ट्रक. २ लाख ४० हजार किमी आणि तास ५,००० निघाले, तर सरासरी ताशी ४८. हा मोकळ्या रस्त्यावर, एका लयीत, पूर्ण गरम इंजिनाने चाललेला ट्रक. अशा वेळी ‘म्हातारा’ कोणाला म्हणायचं, ते भावाला विचारा. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. तुमचे खरे आकडे वेगळे निघतील, कदाचित निकालही उलटा लागेल. पण भागाकार केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाडीत डिझेलच्या काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असेल तर जवळच्या जवळ फिरण्याचा आणखी एक तोटा असतो. हा फिल्टर साचलेली काजळी स्वतःच जाळतो, पण त्यासाठी धुराच्या नळीत भरपूर उष्णता लागते. दहा-दहा मिनिटांच्या खेपांत ती कधी येतच नाही. जळण्याचा प्रयत्न अर्ध्यात तुटत राहिला की काही इंजिनांत जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि वास डिझेलचा आला, तर ते याचं लक्षण. पातळी ‘फुल’च्या वर आहे म्हणून खूश होणारे लोक मात्र पुष्कळ असतात.

आता तो ६२ हजारांचा आकडा खरा आहे का? मीटर मागे घेणं अवघड नाही, पण गाडीच्या इतर भागांना ते कोणी सांगत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघा. ६२ हजारांत त्यावरच्या रेघा पुसट होतील, रबर एका कडेला झिजून पत्रा दिसणार नाही. रबर कोरं करकरीत असेल तर ते का बदललं, ते विचारा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, गिअरच्या दांड्याची मूठ, दाराच्या बिजागरीतली ढील हेही बघा. टायरच्या बाजूला ‘डॉट’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा चाकांवर चार कंपन्यांचे टायर, त्यातले दोन रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले), आणि मीटर ६२ हजार? हा पुरावा नव्हे, पण शंका घ्यायला पुरेसं आहे. अनेक गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही असते. स्कॅनर लावणाऱ्याला ती मुद्दाम काढायला सांगा. त्याच वेळी जुने फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, अगदी आत्ताच पुसलेत का तेही तपासून घ्या. पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. दोन दिवसांपूर्वी पुसलेले कोड घेऊन गाडी विकायला आली, तर ते पुसायची गरज का पडली हा प्रश्न उरतोच.

मला पहिल्या ट्रकमध्ये सगळ्यात जास्त खटकलंय ते ‘वरून-खालून नवा रंग’. केबिन रंगवली, समजू शकतो. पण चेसिसला खालून ताजा काळा रंग? विकायच्या आधी तो रंग दोनच कारणांनी मारतात. एक, गाडी उजळ दिसावी. दुसरं, गंज, वेल्डिंग आणि तडे दिसू नयेत. टॉर्च घ्या, खाली शिरा. पाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, हँगर चेसिसला जिथे बसतात, त्याच्या पुढे-मागे वीतभर अंतर बोटाने चाचपा. तडा असेल तर रंगाखालीही केसासारखी रेघ लागते, आणि जुन्या तड्यातून गंजाचा तांबूस ओघळ उतरतो. चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या कडेवर जादा भोकं, आडवं वेल्डिंग, बोल्टने बसवलेली जोडपट्टी दिसली तर तिथे ट्रक कधीतरी वाकला आहे किंवा मोडला आहे. पाटे मोजा आणि कारखान्यातून किती येतात ते मॅन्युअलमध्ये बघा. एखादा पाटा जास्त निघाला तर ट्रकने आयुष्यभर जादा माल वाहिलाय, असं खुशाल समजा.

केबिनच्या रंगासाठी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र भाड्याने मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा रंगवलेला पत्रा २०० ते ३०० दाखवतो. आकडा ५०० च्या पुढे गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. यंत्र नसेल तर दाराच्या आणि बॉनेटच्या बोल्टच्या डोक्यांकडे बघा. पान्याने कोपरे खाल्लेले, रंग उडालेला बोल्ट म्हणजे तो भाग उतरवलेला आहे. दुसऱ्या ट्रकचे पोचे तुम्हाला निदान दिसतायत तरी.

आता ‘इंजिनचं काम करून घेतलंय’ हे वाक्य. हे ऐकून आपण ‘म्हणजे इंजिन नवंच’ असं मनात पूर्ण करतो. प्रत्यक्षात मला आधी प्रश्न पडतो तो असा, की ६२ हजार किमी चाललेल्या डिझेल इंजिनाला काम का लागलं? एवढ्यात निकामी होणारं इंजिन पाणी आटून तापलेलं असतं, ऑइलविना चाललेलं असतं, धुळीचा फिल्टर फाटून माती खाल्लेलं असतं, नाहीतर मीटर खोटं असतं. शिवाय ‘काम’ म्हणजे नेमकं काय? हाफ की फुल? पिस्टनच्या नुसत्या रिंगा टाकल्या की लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टनचा संच बदलला? क्रँक घासला असेल तर बेअरिंग किती अंडरसाइझ टाकले, ०.२५ मिमी की ०.५० मिमी? हेड प्लेन केलं का? ज्याने खरंच काम केलंय त्याच्याकडे या प्रत्येकाचं बिल असतं, आणि बिलावर भागाचा नंबर आणि माप असतं. झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर सुरुवातीला गाडी छान वाटते. पाच-सहा महिन्यांत ऑइल प्यायला लागते, तोवर विकणारा मोकळा.

‘ऐकून ओके’ याबद्दल एवढंच म्हणेन, की गरम इंजिन ऐकून कोणालाही ओके वाटतं. तुम्ही बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं. पोचल्यावर पहिल्यांदा हात बॉनेटखाली, इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवा. कोमट लागला तर चहापाणी न करता परत या, दुसऱ्या सकाळी जा. मग पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा, कारण क्रम बिघडला तर निम्म्या कळत नाहीत.

सेल्फ मारण्याआधी रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडा. थंड असतानाच. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आतला द्रव स्वच्छ, रंगीत आणि पारदर्शक हवा. गढूळ तपकिरी पाणी असेल तर थांबा. हा मुद्दा लोक सहज सोडून देतात आणि मोठ्या डिझेल इंजिनांत तोच सगळ्यात महाग पडतो, म्हणून जरा खोलात जातो.

अनेक ट्रक इंजिनांत सिलिंडरचा लायनर ‘ओला’ असतो, म्हणजे त्याच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, लागतं. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो. त्या थरथरीने त्याच्या बाहेरच्या भिंतीलगत वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि तिथेच फुटतात. एकेक बुडबुडा फुटताना धातूचा कण उडवतो. हजारो तासांत तिथे टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडत जातात आणि एक दिवस भोक आरपार होतं. मग कूलंट सिलिंडरमध्ये, तिथून ऑइलमध्ये, आणि बेअरिंग खलास. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरून हा मारा झेलतात. साध्या पाण्यात ती नसतात. कोणी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आला असेल तर नुकसान आत होऊन बसलेलं असतं, बाहेरून इंजिन सुरेल वाजत असतं. म्हणून दोन्ही मालकांना विचारा: कूलंट कोणतं, शेवटचं कधी बदललं, मध्ये भर कशाची घातली. कूलंट तपासायच्या पट्ट्या मिळतात, लिटमससारख्या बुडवून रंग बघायचा. पट्टी तुमच्या इंजिनातल्या कूलंटच्या प्रकाराला लागू आहे एवढं मात्र पाहून घ्या.

झाकण उघडं ठेवूनच आता इंजिन सुरू करू द्या. सुरू होताच एकसारखे बुडबुडे येत राहिले किंवा झाकण लावल्यावर मिनिटभरात, इंजिन थंड असतानाच, वरची होज दगडासारखी कडक झाली, तर स्फोटाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. हेड गॅस्केट किंवा हेडचा तडा. खात्री करायला निळ्या द्रावणाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेलं ते द्रावण हिरवं किंवा पिवळं झालं तर शंका उरत नाही. मात्र ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दवानेही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र व्यवहार तिथेच संपला.

सुरू झाल्यावर धूर बघा. थंड सकाळी पहिले काही सेकंद पांढरट धूर चालतो. इंजिन तापल्यावरही पांढरा आणि गोडसर वास, तर कूलंट जळतंय. निळसर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: डिझेल फवारणारं नोझल, टर्बोची फाटलेली होज, नाहीतर गच्च झालेला एअर फिल्टर. मग पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा आणि इंजिन मंद सुरू असताना ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. जरा थरथरलं तर हरकत नाही. भकभक धूर येऊन झाकण उडालं तर रिंगा गेल्यात. नव्याने ‘काम’ केलेल्या इंजिनाने तर हे मुळीच करू नये. इथेच पहिल्या ट्रकचं बरंचसं सोंग उतरेल, नाहीतर तो खरा ठरेल.

रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात असताना पेडल पूर्ण दाबा. आरपीएम झटकन वर गेला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट घसरतेय. गिअर खाली घेताना एखाद्याच गिअरला खर्रकन आवाज येत असेल तर त्या गिअरचा सिंक्रो झिजलाय. आणि माल भरून चालवा. रिकामा ट्रक कोणाचाही पळतो.

पुढचं चाक जॅकवर उचलून हात वर आणि खाली धरून हलवा. ढील लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढील गेली, तर हबच्या बेअरिंगची होती. तशीच राहिली, तर किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिची. किंगपिनचं काम वेळखाऊ आणि महाग, हबचं बेरिंग बहुतेकदा नुसतं आवळून भागतं. दोन्हींत किमतीचा केवढा फरक पडतो ते तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा.

एअर ब्रेक असतील तर हवा पूर्ण भरू द्या. बहुतेक गाड्यांत ८ ते १० बारच्या दरम्यान गव्हर्नर (हवेचा दाब आवरणारा भाग) हवा भरणं थांबवतो आणि ‘फुस्स’ आवाज येतो. इंजिन बंद करा, चाकांना अडवायला ठोकळे लावा, पार्किंग ब्रेक सोडा, घड्याळ लावा. ब्रेकला हात न लावता मिनिटाला ०.१५ बारपेक्षा जास्त हवा उतरू नये, पेडल दाबून धरलेलं असताना ०.२ पेक्षा जास्त नको. टाक्यांचे खालचे कॉक उघडून बघा. पाणी थेंबभर चालेल. ऑइलमिश्रित चिखल निघाला तर कंप्रेसर ऑइल फेकतोय आणि हवा कोरडी करणारा ड्रायरही गेलाय.

एवढं दोन्ही ट्रकवर करा. दुसऱ्यावर जरा जास्तच करा, कारण फाइल आहे म्हणून आपण सैलावतो. फाइल वाचायचीही रीत असते. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, ऑइलचा एकही डाग नसलेल्या पानांवर असतील, तर ती वही एका बैठकीत लिहिलेली आहे. खरी फाइल गबाळी असते: वेगवेगळी बिलं, काही पुसट झालेली, काहींवर बोटांचे काळे ठसे. त्यात तारीख आणि किमी एकत्र चढत जातात का बघा, ऑइल किती किमीला बदललंय ते मांडा आणि सगळ्यात मोठी खंडित जागा शोधा. तिथे काय झालं ते विचारा. अडीच लाखांच्या जवळ आलेल्या ट्रकमध्ये क्लच, नोझल, टर्बो, वॉटर पंप यांतलं काही ना काही बदललेलं असायला हवं. बदललं असेल तर उत्तम. अजून मूळचंच असेल तर ते तुमच्या खर्चात येणार, तेवढं किमतीतून उतरवा. टर्बो तपासायला थंड इंजिनावर हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवी किंचित ढील चालते, पुढे-मागे जाणवू नये, आणि पाती घराला घासल्याच्या खुणा नकोत.

एक स्वस्त आणि फार उपयोगी गोष्ट: वापरलेल्या ऑइलची तपासणी. गरम इंजिनातून साधारण १०० मिली नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा, सोबत ऑइल किती किमी चाललंय ते लिहायचं. अहवालात सिलिकॉन जास्त म्हणजे धूळ आत गेली. सोडियम-पोटॅशियम म्हणजे कूलंट मिसळलं. तांबं आणि शिसं म्हणजे बेअरिंग झिजतंय. डिझेल मिसळलेलं निघालं तर नोझल किंवा डीपीएफ. विकणाऱ्याने कालच ऑइल बदललं असेल तर या चाचणीला अर्थ राहत नाही. बघायला जायच्या आधी फोनवरच सांगा, ‘ऑइल बदलू नका, आहे तसंच राहू द्या.’ या एका वाक्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो तेही ऐका.

कागदपत्रांचं थोडक्यात: चेसिसवर ठोकलेला नंबर, पाटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षरशः जुळवा. १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. ठोकलेल्या नंबराभोवती पत्रा घासलेला किंवा रंगाचा लपका दिसला तर पाय मागे घ्या. गाडीवर कर्ज बाकी नाही हे विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे, कर्ज देणाऱ्याच्या लेखी दाखल्यावरून ठरवा.

आता एक प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही. तीन टन माल या मॉडेलला झेपतो का? ट्रकच्या पाटीवर एकूण परवानगीचं वजन असतं, ती मालाची क्षमता नव्हे. समजा एकूण ७,५०० किलो, आणि उत्पादकाच्या मते रिकामी गाडी ४,२०० किलो. म्हणजे ३,३०० उरतात असं वाटतं. पण मागे लोखंडी बंद बॉडी बसवली असेल आणि ती ६०० किलोची असेल, तर उरले २,७००. त्यातून ड्रायव्हर, मदतनीस, भरलेली डिझेल टाकी, जादा चाक वजा करा. तुमचा तीन टन माल मग रोजच वजनाबाहेर जातो, आणि त्याची शिक्षा पाट्यांना, ब्रेकला, टायरला मिळते. दोन्ही ट्रक रिकामे वजनकाट्यावर चढवा. पावती हातात आल्यावर वजाबाकी करा. आकडा तीन टनांच्या आत निघाला तर हे दोन्ही ट्रक सोडून मोठं मॉडेल बघावं लागेल, किंवा माल दोन खेपांत न्यावा लागेल. भावाचा आणि तुमचा वाद कदाचित इथेच संपेल, वेगळ्याच कारणाने.

भावाची अडचण मला कळते. ओळखीच्या माणसाकडे टॉर्च, जॅक आणि स्कॅनर घेऊन जाणं त्याला अवघडल्यासारखं होत असेल. त्यावर तोडगा असा, की दोन्ही ट्रक एकाच तिऱ्हाईत मेकॅनिकला, एकाच यादीवर तपासायला द्या. त्याची मजुरी तुम्ही द्या, आणि त्याला कोणता ट्रक कोणाच्या ओळखीचा ते सांगू नका. ओळखीच्या माणसाला सांगता येतं, ‘दोन्ही गाड्यांना सारखीच यादी लावलीय.’ यात कोणाचा अपमान होत नाही. तरीही त्याने थंड इंजिनावर बघायला, चेसिसखाली शिरायला किंवा इंजिनच्या कामाची बिलं दाखवायला आढेवेढे घेतले, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माझा कल विचाराल तर, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून, दुसऱ्या ट्रककडे. तास, वजनकाटा आणि ऑइलचा अहवाल त्याच्या विरोधात गेले तर मीही कल बदलेन.

पैशांबद्दल मात्र ठाम सांगतो. सगळी शिल्लक खरेदीत घालू नका. किमतीच्या पाचवा-सहावा हिस्सा बाजूला ठेवा, आणि तेवढ्यात बसत नसेल तर स्वस्त गाडी बघा. कारण जुना ट्रक घेतल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेलचे दोन्ही फिल्टर, एअर फिल्टर, गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्याचं ऑइल, कूलंट, पट्टे, होज आणि एअर ड्रायरचं काडतूस हे सगळं बदलायचंच असतं, आधीच्या मालकाने ‘आत्ताच केलंय’ म्हटलं तरी. सगळ्या निपलांत जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीस भरा. टॅपेटची गॅप मोजून घ्या. दोन-तीन हजार किमीवर ऑइल पुन्हा बदला. पहिलं ऑइल आतला मळ सोडवून घेतं, म्हणून हा दुसरा बदल चुकवू नका. चाकं काढली-बसवली असतील तर ५० ते १०० किमी चालल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे. नटाखालून गंजाची ताजी रेघ बाहेर आली तर ते चाक ढिलं चाललंय.

उरली घरची कार. देखभाल पुढे ढकलता येते, पण सगळी नाही. एसी थंड कमी करतो, पोचा काढायचाय, स्पीकर खरखरतो, हे वर्षभर राहू द्या. शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत नसतील आणि टायर खड्डे-खड्डे झिजत नसतील तर तेही थांबतील. ब्रेक फ्लुइड थांबत नाही. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रकारच्या द्रवाला कोरा असताना किमान २३० अंश सेल्सिअसची अट असते, ओल शोषल्यावर ती १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ होते आणि पेडल खाली बसतं. दोन वर्षांनी बदलायचं ते याचसाठी. टायरचा मधला उंचवटा, म्हणजे झिजेची खूण १.६ मिमीवर असते. टायर तिच्या पातळीला आले असतील तर तेही थांबत नाहीत. नऊ वर्षांची मूळ टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, नव्या टायरांचे पैसे बाजूला काढा.

आणि टायमिंग बेल्ट. नऊ वर्षं आणि १ लाख १० हजार किमी. मॅन्युअल काढून मुदत बघा. बेल्टला किलोमीटरची आणि वर्षांची अशा दोन मुदती असतात, आधी येईल ती लागू. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की वर-खाली जाणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी हेडही जातं, आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या कारच्या किमतीला भिडतो. मुदत उलटली असेल तर ट्रकची बयाणा रक्कम देण्याआधी हे काम करून घ्या. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर, म्हणजे बेल्ट ताणणारी आणि वळवणारी चाकंही बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण पुढे एकट्या पंपासाठी पुन्हा तेवढंच खोलावं लागतं. बदलल्यावर जुना बेल्ट मागून घ्या आणि दातांच्या बाजूने उलटा वाकवून बघा. भेगा दिसल्या तर नशीब म्हणायचं. दिसल्या नाहीत तरी पैसे वाया गेले असं समजू नका, हल्लीच्या बेल्टचे आतले धागे थकले तरी वरचं रबर नव्यासारखंच दिसतं.